दुव्याची लांबी

११ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं जुळवतोस. त्यापेक्षा पत्रच बरं, हे वहिनीचं म्हणणं मला पटलं. छापखान्यातल्या मशिनींनी तुझे कान खाल्ले, तसं माझ्या प्रयोगशाळेनं माझं नाक खाल्लं. हल्ली भाजी करपली तरी मला धूर दिसल्यावर कळतं.

दिवसभर मी नेमकं करते काय, असं तू विचारलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आपल्या घरात माझ्या कामाला 'औषधांचं काहीतरी' एवढंच नाव आहे. विचारलंस याचं बरं वाटलं, म्हणून नीट सांगते. कंटाळलास तर पान उलट.

माणसाच्या पेशींत प्रथिनं असतात. त्यांतलं एखादं बिघडतं आणि नको ते करत सुटतं. नेहमीचं औषध त्याच्या तोंडात बोळा कोंबतं. बोळा पडला की ते पुन्हा सुरू. आम्ही वेगळं करू बघतोय. पेशीची स्वतःची एक कचरा उचलणारी यंत्रणा असते. जुनं, मोडकं प्रथिन हेरून ती त्यावर खूण करते आणि मोडीत काढते. आम्ही दोन हातांचा एक रेणू बनवतो. एका हातानं तो बिघडलेलं प्रथिन धरतो, दुसऱ्यानं ती यंत्रणा, आणि दोघांना शेजारी आणून उभं करतो. पुढचं यंत्रणा बघते. प्रथिन नुसतं अडत नाही, नाहीसंच होतं.

ते दोन हात इतरांनी केव्हाच शोधलेत. माझ्या वाट्याला मधला दुवा आलाय. तो आखूड पडला तर दोघं एकमेकांवर आदळतात, लांब झाला तर नुसते लोंबकळतात. किती लांब हवा हे कागदावर कळत नाही, करूनच बघावं लागतं. म्हणून मी वेगवेगळ्या लांबीचे दुवे करते. जोडणी टिचबटणासारखी असते. बटणाचा एक भाग दुव्यावर, एक हातावर. दोन्ही बाटलीत एकत्र केले, चिमूटभर तांब्याचा क्षार टाकला की बटण लागतं, आणि लागलं की निघत नाही. या युक्तीनं काम भराभर होतं. म्हणजे भराभर चुकतंही.

झालेला माल मी आमच्या पेशीवाल्याकडे देते. हा माझा सहकारी. पेशी वाढवतो आणि त्यांच्याशी माणसांपेक्षा प्रेमानं बोलतो. तो तपासतो आणि बहुतेक वेळा मान हलवतो. आमच्या प्रमुखांना सगळे बाईच म्हणतात. त्या म्हणतात, "पुढचा." मी पुन्हा हातमोजे चढवते. माझं काम ते एवढं.

दमायला होतं रे. पण तक्रार नाही.

तुझी,
बारकी


२ फेब्रुवारी

बारके,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा वाचायचा धोका पत्करला नाही.

लांबीचं मात्र पटलं. आमच्याकडे चार रंग एकावर एक बरोबर बसावे लागतात. केसभर सरकलं की कॅलेंडरवरच्या बाईला दोन नाकं येतात, आणि मालक म्हणतो, कुणाच्या लक्षात येतंय. पहिल्यांदा त्याच्या बायकोच्याच लक्षात येतं.

मी सध्या घरी आहे. नवी मशिनं बसवतायत म्हणून जुन्या लोकांना रजा दिलीय. तुझी वहिनी दिवसभर काहीतरी पातळ करून पाजते. खुर्ची खिडकीत ओढून बसतो आणि समोरच्या इमारतीतले लोक कपडे वाळत घालताना बघतो. बघता बघता डोळा लागतो. रिकामपणानं माणूस जास्त थकतो म्हणतात, तसलंच काही असणार.

सहज एक विचारतो. तुमचं ते बिघडलेलं प्रथिन रक्तातसुद्धा असतं का? आणि असलं औषध माणसाला मिळायला किती दिवस लागतात? घाई नाही. वेळ झाला की लिही.

अक्षर खराब आलंय, पेन नवं आहे.

दादा


९ मार्च

दादा,

आज तुला चांगली बातमी लिहायला बसलेय आणि तारीखच दोनदा चुकले. दमल्यानं की आनंदानं, ठाऊक नाही.

एक दुवा चालला. फार लांब नाही, फार आखूड नाही. मी तो करून दिला आणि विसरले. पेशीवाला स्वतः माझ्या टेबलापाशी आला. तो कधी येत नाही, चिठ्ठी पाठवतो. त्याच्या हातात तपासणीची फिल्म होती, एक्स-रेसारखी. एरवी जिथे प्रथिनाची जाड काळी पट्टी दिसते तिथे काही नव्हतं. पुसून टाकल्यासारखं. आम्ही दोघं ती उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभे होतो. मग तो म्हणाला, "चहा घ्यायचा?" त्याच्या तोंडून याहून मोठा समारंभ होत नाही.

आणि तू काय नेमकं विचारलंस! हे प्रथिन माजतं ते रक्तातच, एका सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात. मी पत्रात कुठेही लिहिलं नव्हतं. मी बाईंना कौतुकानं सांगितलं, की माझा भाऊ छापखान्यात मशीन चालवतो आणि त्यानं नेमका हाच प्रश्न विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, घरात कुणी इतकं लक्ष देणारं असलं की काम सोपं जातं.

माणसाला मिळायला एरवी दहा-बारा वर्षं जातात, आणि बहुतेक गोष्टी वाटेतच मरतात. पण बाई उत्साहात आहेत. त्या म्हणतात, सगळं जमून आलं तर वर्षभरात थोड्या रुग्णांना देऊन बघता येईल. मला ते जरा जास्तच वाटतं. पण कुणी सांगावं? लेख लिहायला घेतलाय.

तुझी मशिनं बसली का?

बारकी


२८ मार्च

बारके,

अभिनंदन. वहिनीनं गोड केलं. तू नव्हतीस म्हणून तुझा वाटा मी खाल्ला.

वर्ष म्हणजे काही फार नाही. तेवढं थांबता येतं. तू घाई करू नकोस, पण रेंगाळूही नकोस. आणि मधे मधे कळवत जा, कुठवर आलं ते. दोन ओळी टाकल्यास तरी चालेल.

मशिनं अजून यायचीत.

दादा


६ मे

दादा,

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं ठीक आहे. लेख छापायला गेला. मधे एक-दोन गोष्टी पुन्हा तपासायच्या निघाल्यात, म्हणून जरा हळू चाललंय. असं होतच असतं. बाईंनी मला थोडे दिवस सुट्टी घ्यायला लावली. घरी झोपून काढली.

तू दरवेळी औषधाचं विचारतोस, बरं वाटतं. पण आता थोडे दिवस दुसरं काही लिही ना. समोरच्या इमारतीतल्या लोकांचं लिही.

बारकी


२० मे

बारके,

मी वहिनी. ह्यांच्या नकळत लिहितेय. ते झोपलेत, आणि झोपेतून उठले की आधी टपाल विचारतात, तेव्हा हे आत्ताच टाकून येणार आहे.

छापखान्यात नवी मशिनं वगैरे काही नाही. ह्यांना रक्ताचा कर्करोग झालाय. डिसेंबरातच कळलं. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. म्हणाले, ती तिकडे एकटी आहे, रात्रंदिवस काम करते, तिच्या डोक्याला नको. तुझ्या कामाची चौकशी सुरू झाली ती त्यानंतर. आधी मला वाटलं, वेळ घालवतायत. मग एकदा तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोर त्यांनी खिशातून तुझं मार्चचं पत्र काढलं.

डॉक्टर म्हणतात, सलाइनमधून द्यायचं औषध आता सुरू करायला हवं. हे म्हणतात, माझी बहीण याच रोगावर औषध करतेय, वर्ष काढलं की झालं. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, रडूनही झालं. हे ऐकतच नाहीत. जिने चढताना आता मधे दोनदा बसतात, आणि बसलो नव्हतो म्हणतात. अंगावर नुसतं बोट लागलं तरी निळं होतं.

मला तुझ्यातलं काही कळत नाही. मला एवढंच सांग, ते औषध येणार आहे का? येणार असेल तर मी गप्प बसते. नसेल तर त्यांना तू सांग. माझं ऐकून झालंय त्यांचं, तुझंच ऐकतील.

धावत येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर मरायलाच टेकलो असं त्यांना वाटेल.

वहिनी


२६ मे

दादा,

वहिनीनं मला कळवलं. तिच्यावर रागवायचं असेल तर आधी हे पत्र पूर्ण वाच, मग माझ्यावर रागाव.

ते औषध येणार नाही. वर्षात नाही आणि त्यानंतरही नाही, कारण ते औषधच नव्हतं.

काय झालं ते सांगते. एखादा रेणू चालला की खात्रीसाठी आम्ही त्याच्यासारखाच एक खोटाही करतो. त्याचा यंत्रणेला धरणारा हात मुद्दाम निकामी केलेला असतो. त्यानं काहीही घडता कामा नये. घडलं, तर खऱ्यानं जे केलं ते आपण समजतो त्या कारणानं नव्हतं, असा अर्थ. लेख आधी पाठवला, हा खोटा रेणू मी त्यामागोमाग केला. पेशीवाल्यानं तपासला. त्यानंही प्रथिनाची पट्टी पुसून टाकली, अगदी तितकीच स्वच्छ.

मग मी शोधत बसले. बटण लावायला जे तांबं वापरतो ते नंतर धुऊन काढायचं असतं. मी धुतलं होतं. पण हा दुवा तांब्याला धरून ठेवतो, सहज सोडत नाही. उरलेलं तांबं पेशींना विषासारखं लागत होतं. पेशी आजारी पडल्या की त्यांच्यातलं सगळंच ओसरतं, त्यात आपलं प्रथिनही आलं. मी दुवा नव्यानं केला, तांबं पुरतं निघेस्तोवर धूत राहिले, आणि पुन्हा दिला. काळी पट्टी जागच्या जागी होती. जाड, ठणठणीत.

हे एप्रिलमध्ये कळलं. मी दोन्ही फिल्म घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. म्हणाल्या, लेख गेलाय, आता बघू पुढे काय म्हणतात, तू दमली आहेस, घरी जा. मी खरंच दमले होते. घरी गेले. तुला लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. तू इतक्या आनंदात होतास. मला वाटलं, माझ्यासाठी आनंदात आहेस. त्या आनंदात थोडे दिवस राहू दे म्हटलं, तुला आणि मलाही. म्हणून मेमध्ये ते गोलमोल पत्र लिहिलं. तू तिकडे काय धरून बसला होतास, याची मला कल्पना नव्हती.

वहिनीचं पत्र वाचून काल सकाळी परत बाईंकडे गेले. दार लावून घेतलं. मी म्हटलं, लेख मागे घ्यायला हवा.

त्या म्हणाल्या, "एवढी काय घाई आहे? कुणी लगेच त्यावरून औषध घ्यायला निघालं नाही."

मी म्हटलं, "एक जण थांबलाय. हे येईल म्हणून दुसरं घेत नाही."

"कोण?"

"माझा भाऊ."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनाही बरेच दिवस झोप नसावी, डोळ्यांखाली काळं झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. वाईट बाई नाहीत त्या. ज्याच्यावर इतकी वर्षं घालवली ते मोडताना बघायची ताकद उरली नव्हती, एवढंच. माझीही कुठे उरली होती. मग त्या संगणकाकडे वळल्या आणि मला समोर बसवून त्यांनी लेख मागे घेत असल्याचं लिहिलं. एक शब्द अडला तर मला विचारला.

आता तू. तुझे डॉक्टर देतायत ते औषध घे. ते जुनं आहे, कडक आहे, त्यानं हाल होतील. पण ते काम करतं आणि का करतं हे लोकांना माहीत आहे. माझ्या औषधाबद्दल यातलं काहीच म्हणता येत नव्हतं. मार्चमध्ये 'कुणी सांगावं' असं मी लिहिलं. ते लिहायला नको होतं.

मी न बोलावता आले तर तू दार उघडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलावण्याची वाट बघते.

बारकी


३० जून

दादा,

तुझं पत्र नाही. वहिनी फोनवर एवढंच म्हणते, "येतील वळणावर." मागे कपबशी जोरात ठेवल्याचा आवाज येतो, म्हणजे तू तिथेच असतोस.

सुरू केलंस का, एवढंच कळव. बाकी नको.

बारकी


१७ ऑगस्ट

बारके,

सुरू केलं. जुलैत. तुला कळवलं नाही कारण चिडलो होतो, आणि मग हातात पेन धरवेना. आज जरा बरं आहे.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी जेवलो नाही. वहिनीशी बोललो नाही. तिनं चोरून लिहिलं याचा राग नव्हता. ती बरोबर होती याचा होता. मग ती तरी किती दिवस गप्प बसणार? एके सकाळी माझे बूट आणून पुढ्यात ठेवले आणि स्वतः चपला घालून दारात उभी राहिली. मी बूट घातले.

इथे एक लांब खोली आहे. दोन्ही बाजूंना मागे रेलायच्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा खांब. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. लोक गाडी मागे घेताना कसे चुकतात ते बघत वेळ जातो. डॉक्टर तरुण मुलगी आहे. मला ऐकू येत नाही म्हणून इतकी ओरडून बोलते, की सगळ्या खोलीला माझा आजार तोंडपाठ झालाय. शेजारचा म्हातारा आता मलाच सांगतो, तुमच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात.

हाल होतात म्हणालीस ते खरं. त्याबद्दल लिहीत नाही. केस गेले. वहिनी म्हणते, आता लग्नाच्या आधी दिसत होतात तसे दिसता. तेव्हा मला केस होते हे ती विसरली.

आता मुद्द्याचं. तुझ्या औषधासाठी मी थांबलो, असं तुला वाटतंय. तुझ्या पत्रातून तेच ओझं दिसतं. ऐक. आमच्या छापखान्यात एक बाइंडर होता. त्याला हेच झालं, हीच सलाइन लागली. मी भेटायला गेलो होतो. ज्या हातांनी तो जाडजूड पुस्तकं आवळायचा, त्या हातांना पाण्याचा पेला पेलत नव्हता. त्यानं माझ्याकडे बघून मान फिरवली. मी घरी आलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. डिसेंबरात मला सांगितलं गेलं तेव्हा डोळ्यांपुढे तोच पेला आला. मला ती सलाइन टाळायला एक चांगलं कारण हवं होतं, ते तुझ्या पत्रानं मिळालं. नसतं मिळालं तर दुसरं शोधलं असतं. कुणी झाडपाला सांगितला असता तर त्यासाठीही थांबलो असतो.

मी डॉक्टरला विचारलं, आधी आलो असतो तर? ती पहिल्यांदाच हळू बोलली. म्हणजे उत्तर कळलं. हे तुला वहिनी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. उशीर झाला. पण तो उशीर माझा आहे, बारके. तू त्यात वाटेकरी होऊ नकोस.

रोग थोडा मागे हटलाय. जाणार नाही, पण थोपवता येईल म्हणतात. किती, ते नाही म्हणत. मीही विचारत नाही.

पुढची खेप सप्टेंबरअखेर आहे. वहिनी इथे त्या कडक स्टुलावर दिवसभर बसते, तिची कंबर धरते. तुला जमत असेल तर त्या स्टुलावर बसायला ये.

दादा


८ सप्टेंबर

दादा,

रजा मिळाली. अर्ज बाईंनी स्वतः नेऊन दिला. येतेय.

लेख मागे घेतल्यावर इथे बरंच काही झालं, भेटल्यावर सांगेन. आमची खोली दुसऱ्यांना दिली. मला आणि पेशीवाल्याला जिन्याखालची एक खोली मिळाली. तिथे त्याला उभं राहता येत नाही, म्हणून तो बसूनच पेशींशी बोलतो. बाई अधूनमधून येतात आणि दारातून विचारतात, पुढचा कुठे आहे.

एक सांगायचं आहे आणि सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी ठरवलं, आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही, वाईट नाही आणि बरंही नाही.

आम्ही तांबं सोडून दिलं. त्याच्याशिवाय लागणारं वेगळं बटण आहे. वेळ लागतो, पण मागे काही उरत नाही. ते वापरून मी दुव्यांची सगळी मालिका पुन्हा केली, पहिल्यापासून. मार्चमधला तो दुवा काहीच करत नाही. पण त्याहून बराच लांब एक आहे, जो आम्ही मागे टाकून दिला होता. त्यानं पट्टी थोडी फिकट होते. थोडीच. खोट्या रेणूनं होत नाही. पेशीवाल्यानं तीनदा केलं, मग मी मोजमाप दुसऱ्या एका मुलीकडून करून घेतलं, तिला कुठलं काय ते न सांगता. तरी फिकटच.

हे औषध नाही. तुझ्यासाठी तर नाहीच, आणि कुणासाठी होईल की नाही हे मला ठाऊक नाही. याला आशा म्हणून वाचू नकोस. बातमी म्हणून वाच.

बारकी


१५ सप्टेंबर

बारके,

पत्र आलं. बातमी म्हणून वाच म्हणालीस, तशी वाचली. जेवलो, औषध घेतलं, पत्र टेबलावर ठेवलं.

मग तुझ्या वहिनीनं विचारलं, काय लिहिलंय. तिचा चष्मा सापडेना, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. मला माझं मलाच ऐकू येत नाही, तेव्हा बरंच मोठ्यानं वाचलं असणार. पट्टी फिकट होते इथवर आलो आणि पत्र मांडीवर ठेवलं. वहिनी उठून शेजारी येऊन बसली आणि राहिलेलं पत्र तिनं बिनचष्म्याचं, डोळ्यांशी धरून, एकेक अक्षर लावत माझ्या कानात वाचलं.

ये.

दादा